बोलोन्याच्या ओवऱ्या

दोन रात्रींच्या जागरणाने जड झालेले नेत्र घेऊन मी इटलीतल्या बोलोन्या नगरीत परिषदेत बसलो खरा, परंतु तिसऱ्या निबंधाच्या वाचनास डुलकीने माझी अब्रू घेतल्यावर निमूटपणे रस्ता धरला.

ज्या नगरीचे विद्यापीठ परंपरेने १०८८ सालचे मानले जाते, तेथे वस्तीची दाटी वाढली तसे घरांचे वरचे मजले रस्त्यावर सरकले, त्यांस खांबांचा टेकू मिळाला आणि खाली ओवऱ्या झाल्या. १२८८च्या कायद्याने तर नव्या घरास ओवरी सक्तीचीच केली. जमीन खासगी, वहिवाट मात्र सार्वजनिक! आज त्यांची लांबी सुमारे ६२ किलोमीटर भरते, आणि २०२१ साली युनेस्कोने त्यांतील निवडक भाग जागतिक वारशात दाखल केले.

त्या छायेतून मी, अर्धनिद्रेतच म्हणा ना, निर्धास्त हिंडलो. सान लुकाच्या टेकडीवर नेणारी ६६६ कमानींची ओवरी मात्र पायांनी साफ नामंजूर केली.