वेळापत्रकात नसलेली ओळ

दीड वर्षापूर्वी मंडळाच्या वास्तू समितीवर माझी नेमणूक झाली, ती “तू डॉक्टरेट केलेला इंजिनिअर आहेस ना?” या एकाच निकषावर. माझे संशोधन यंत्रांच्या कंपनांवर होते आणि गेली अठरा वर्षे मी सॉफ्टवेअरवर पोट भरतो आहे. स्वतः बांधलेली वास्तू म्हणाल, तर दिवाळीतला किल्ला. पण न्यू जर्सीतल्या एका जुन्या गोदामाचे सभागृह करायचे, सभासदांनी काटकसर करून दिलेले पैसे त्यात घालायचे, आणि शाळेचा हॉल भाड्याने घेऊन गणपती बसवण्याचे दिवस संपवायचे, हे ऐकल्यावर नाही म्हणवेना.

पहिल्याच महिन्यात मी मोठ्या हौसेने वेळापत्रक बनवले. दीडशे ओळी, प्रत्येकीसमोर रंगीत पट्टी. समितीत आमच्या एक ज्येष्ठ सभासद आहेत, सगळे त्यांना वहिनीच म्हणतात. तीस वर्षे त्यांनी इस्पितळांच्या बांधकामांची वेळापत्रके सांभाळली. चष्मा वर-खाली करत त्यांनी सगळे कागद पाहिले आणि म्हणाल्या, “छान आहे रे. पण यात आपण कुठे आहोत?”

“अजून परवान्यापाशीच आहोत, वहिनी.”

“तसं नव्हे. कंत्राटदाराची कामं आहेत, आर्किटेक्टची आहेत, नगरपालिकेची आहेत. समितीनं ठरवायच्या गोष्टी कुठे आहेत?”

त्या प्रश्नाचा अर्थ मला चार महिन्यांनी कळला. तो सांगण्याआधी थोडे शास्त्र.

पट्ट्यांचा तक्ता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरच्या नावाने रूढ झाला. कोणते काम कधी, हे तो उत्तम दाखवतो, पण कोणते काम कोणावर अडले आहे हे त्यात सहज दिसत नाही. १९५७ मध्ये ड्यूपाँट या रसायन कंपनीतले मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी यावर तोड काढली, तिचे नाव क्रिटिकल पाथ. आमच्या गोदामातच पाहा. वायरी ओढल्याशिवाय भिंती बंद करता येत नाहीत, बंद करण्यापूर्वी नगरपालिकेच्या निरीक्षकाने त्या पाहाव्या लागतात, मग रंग, मग फरशी, मग खुर्च्या. अशा ज्या अनेक साखळ्या असतात त्यांतली सर्वांत लांब साखळी म्हणजे क्रिटिकल पाथ. तिच्यातले एक काम एक दिवस लांबले की इमारत एक दिवस लांबते. गाड्या लावण्याच्या जागेवरचे पांढरे पट्टे मात्र आज मारा की महिन्याने मारा, कोणाचे अडत नाही. या मोकळ्या वेळाला व्यवसायात ‘फ्लोट’ म्हणतात, मी त्याला ‘सवड’ म्हणेन. वॉकर-केली यांचा खरा मुद्दा पैशाचा होता. काम उशिरात गेले की मालक सगळ्यांनाच जादा वेळ राबवतो. त्यांनी गणिताने दाखवले की घाई फक्त त्या लांब साखळीवर करावी, बाकीची घाई म्हणजे पैसे पाण्यात.

आता आमची गोष्ट. स्वयंपाकघर फक्त गरम करण्यापुरते ठेवायचे, की तिथे पन्नास माणसांच्या पुऱ्या तळता आल्या पाहिजेत, यावर समितीच्या तीन बैठका झाल्या. चर्चा प्रेमळ होती, चहा उत्तम होता, निर्णय झाला नाही. कंत्राटदाराने लेखी विचारणा केली. आम्ही “पुढच्या बैठकीत कळवतो” असे उत्तर दिले. तळण आले की धूर ओढणारे मोठे हूड आले, आग विझवण्याची वेगळी यंत्रणा आली, विजेचा भार वाढला. भार ठरल्याशिवाय मुख्य स्विचबोर्ड किती क्षमतेचा हे ठरेना, आणि स्विचबोर्ड मागवल्यापासून हाती यायला चाळीस आठवडे लागणार होते. पुऱ्यांवरचे दहा आठवडे थेट उद्घाटनाच्या तारखेतून गेले. कंत्राटदाराचा एकही माणूस एक दिवसही उशिरा आला नव्हता.

माझ्या धंद्यात निर्णय लांबणीवर टाकण्याला लवचीकपणा म्हणतात आणि त्याचे कौतुक होते. तिथे ते बऱ्याचदा खरेही असते. ओतलेल्या काँक्रीटला हे कोणी सांगितलेले नसते.

डेन्व्हरचा विमानतळ याचे सर्वांत महागडे उदाहरण. बांधकाम १९८९ मध्ये सुरू झाले, तो उघडायचा होता ऑक्टोबर १९९३ मध्ये. सगळ्या विमानतळासाठी सामान वाहणारी एकच स्वयंचलित यंत्रणा करायची, हा निर्णय झाला १९९२ मध्ये, म्हणजे इमारती उभ्या राहत असताना. यंत्रणेला तयार भुयारांच्या वळणांत अंग चोरून बसावे लागले, त्यात विमान कंपन्या मागण्या बदलत राहिल्या. १९९४ मध्ये पत्रकारांसमोर चाचणी झाली तेव्हा बॅगा फाटून कपडे रुळांवर विखुरले. विमानतळ उघडला २८ फेब्रुवारी १९९५ ला, सोळा महिने उशिरा, आणि ती यंत्रणा २००५ मध्ये कायमची बंद झाली. दोष सॉफ्टवेअरला मिळाला. आमच्या जमातीचा वाटा मी नाकारत नाही, पण उशिराचे बी १९९२ च्या त्या निर्णयातच होते.

उलट बाजूला एम्पायर स्टेट बिल्डिंग. पोलादाचा पहिला खांब १७ मार्च १९३० ला उभा राहिला, उद्घाटन १ मे १९३१ ला, म्हणजे ४१० दिवसांत. (महाराष्ट्राला त्या तारखेसाठी आणखी २९ वर्षे थांबावे लागले!) न्यूयॉर्कमध्ये जागांचे भाडेकरार १ मे पासून सुरू होण्याची प्रथा होती, म्हणून लग्नाच्या मुहूर्तासारखी ती तारीख धरून सगळे उलटे मोजत आणले. ५७,००० टन पोलाद, ऐन भरात सुमारे ३,४०० कामगार, मजल्यावर सामान फिरवायला छोटे रूळ, वरच जेवणाच्या खानावळी. मालकांना लहर तिथेही आली होती. हवाई जहाज बांधायला शिखरावर मनोरा हवा, असे त्यांनी ठरवले. पण ते जाहीर झाले डिसेंबर १९२९ मध्ये, पहिला खांब उभा राहण्याच्या तीन महिने आधी. लहर वेडगळ होती, हवाई जहाज तिथे कधी नीट बांधले गेलेच नाही, पण ती वेळेवर आली होती.

पुऱ्यांचा निर्णय शेवटी एका मताने झाला (तळायच्या!) आणि स्विचबोर्डची मागणी गेली. त्या रात्री मी वेळापत्रक पुन्हा उघडले आणि ‘समितीचा निर्णय’ अशा एकोणीस ओळी घातल्या, प्रत्येकीपुढे तारीख आणि सवड. वहिनींनी तो कागद पाहिला, काही न बोलता घडी करून पर्समध्ये ठेवला.

येत्या सर्वसाधारण सभेत त्यातल्या तीन ओळी आपल्यापुढे येतील. पडद्याच्या रंगाला अकरा आठवड्यांची सवड आहे, त्यावर मनसोक्त भांडावे. खुर्च्यांना चार आठवडे आहेत. रंगमंच किती उंच, याला सवड शून्य आहे, कारण व्हीलचेअरसाठीच्या उताराची लांबी त्या उंचीवर ठरते आणि उतार काँक्रीटचा आहे. काँक्रीटचा ट्रक सभेनंतरच्या मंगळवारी सकाळी सात वाजता येणार आहे.