पुस्तक कोणास सुचवावें?

“हल्लीं वाचण्यासारखें कांहीं आहे काय?” हा प्रश्न ग्रंथालयांत, आगगाडीच्या डब्यांत, लग्नघरीं, कोठेंही ऐकूं येतो. विचारणारा तो सहज विचारतो. उत्तर देणाराही बहुधा तितक्याच सहजपणें, स्वतःला शेवटीं आवडलेल्या पुस्तकाचें नांव सांगून मोकळा होतो. यांत मोठीशी हानि झाली असें वरवर दिसत नाहीं. परंतु वाचनाची गोडी नुकतीच लागूं पाहणाऱ्या मुलाच्या हातीं लागोपाठ दोन पुस्तकें नीरस आलीं, तर तिसरें तो मागत नाहीं. आणि तें मागितलें गेलें नाहीं, हें कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं.

परीक्षण करणारा पुस्तकाकडे पाहतो. शिफारस करणारास पुस्तक आणि वाचक या दोहोंकडे पाहावें लागतें. पण पुस्तकांत आहे तरी काय, हें आधीं नीट सांगण्याचें काम दोघांनाही चुकत नाहीं. मराठींतील थोर टीकाकारांनाही तें नेहमीं साधलें आहे असें नाहीं. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ सालीं ‘निबंधमाला’ सुरू केली व मराठी गद्याला नवें तेज आणलें. त्याच मालेंत जोतीराव फुले यांच्या लेखनाचा समाचार घेतांना त्यांनीं व्याकरणाच्या व भाषेच्या चुकांची मनसोक्त थट्टा केली. फुल्यांचें ‘गुलामगिरी’ १८७३ सालीं प्रसिद्ध झालें होतें. तें जोतीराव व धोंडीबा यांच्या संवादरूपानें लिहिलेलें असून, गुलामांना दास्यांतून मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांना अर्पण केलेलें आहे. शूद्रातिशूद्रांच्या दास्याचें मूळ कोठें आहे, हा त्यांतील प्रश्न. भाषादोषांची थट्टा इतकी रंगली कीं, त्या प्रश्नाचा शांत विचार मागेंच राहिला. ज्या घरांत केवळ ‘निबंधमाला’ वाचली जाई, तेथें फुल्यांचें पुस्तक उघडण्याची इच्छा कोणास व्हावी? दोष सांगूं नयेत असें नव्हे. पण त्यांच्याआड सबंध पुस्तकच दिसेनासें झालें, तर वाचकाची फसवणूक होते.

१९३३ सालीं निराळाच प्रकार घडला. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनांवानें ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह बाहेर पडला. शिकलेल्या, पण लग्नावांचून राहिलेल्या मुलींच्या मनाची कोंडी त्यांत उघडपणें मांडली होती. गदारोळ उठला, आणि लिहिणारी व्यक्ति कोण, याच्या तर्कांत पुष्कळांची शक्ति खर्ची पडली. ती व्यक्ति म्हणजे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. कुतूहल स्वाभाविक होतें. परंतु हें पुस्तक घरांतल्या उपवर मुलीच्या हातीं द्यावें कीं नाहीं, या खऱ्या अडचणीला त्या तर्कांनीं उत्तर मिळत नव्हतें. तिच्या आईनें तें आधीं वाचावें, असें एखाद्या समंजस परीक्षकानें सांगितलें असतें तर पुरें होतें.

कांहीं पुस्तकांचा गुण आणि दोष एकच असतो. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’तील पात्रें वाद फार घालतात. गोष्टीच्या ओढीनें वाचणारा तेथें भराभर पानें उलटूं लागतो. जेवणानंतर तासभर चर्चा केल्याखेरीज ज्याला झोंप येत नाहीं, त्याला तींच पानें पुस्तकाचा जीव वाटतात. ‘उत्तम’ किंवा ‘रटाळ’ असा शिक्का मारण्याऐवजीं एवढेंच सांगितलें, तरी दोघांचीही सोय होते. कथानक शेवटपर्यंत सांगून टाकणारे परीक्षक मात्र कोणाचीच सोय करीत नाहींत.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी तर डोळे मिटून सुचविली जाते. यमू आपली हकीकत स्वतःच, घरगुती बायकी बोलींत सांगते: माहेर, सासरचा जाच, पतीबरोबर मुंबईंत घालविलेले सुखाचे दिवस, आणि मग वैधव्य व केशवपन. ज्या घरांत नुकतेंच दुःख झालें आहे, तेथें ती देऊं नये. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हरिभाऊंच्याच ‘उषःकाला’पासून आरंभ करून द्यावा, त्यांत शिवकालाची धामधूम आहे. इतरांना यमूची कथा अवश्य द्यावी, पण देतांना एक गोष्ट सांगावी. ती १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः आली. त्या वेळच्या वाचकांना थोडाथोडाच मजकूर मिळे व पुढच्या अंकाची वाट पाहावी लागे. आज ती अखंड हातीं येते; चार दिवसांत संपवूं पाहणाराला लांबट वाटते आणि अर्ध्यावर पडून राहते. रात्रीं जेवणें आटोपल्यावर एकानें दोन प्रकरणें मोठ्यानें वाचावीं, बाकीच्यांनीं ऐकावीं, आणि पुस्तक मिटून फळीवर ठेवावें. यमूचें पुढें काय झालें, हें विचारायला दुसऱ्या दिवशीं घरांतील कोणी ना कोणी आपण होऊनच येतें.