ई-मेलांतील फायली व दुवे उघडण्याची व्यवस्था

राळेगणसिद्धीच्या शिवारांत १९७५ नंतर श्री. अण्णा हजारे यांच्या पुढाकारानें व गांवकऱ्यांच्या श्रमदानानें नालाबांध व पाझर तलाव यांचीं कामें झालीं. पारनेर तालुक्यासारख्या कमी पावसाच्या मुलुखांत या कामांनीं एक गोष्ट सर्वांच्या मनावर ठसविली : पाऊस आपल्या मर्जीनें येतो, परंतु आलेलें पाणी कोठें जावें हें ठरविणें पुष्कळ अंशीं शेतकऱ्याच्या हातीं असतें. दारें धरणारा गडी ज्या वाफ्याचें दार मोडील त्याच वाफ्यांत पाणी जातें. भलतेंच दार मोडलें तर एक वाफा कोरडा राहतो आणि दुसरा वाहून जातो.

आमच्या वाचकांच्या घरीं मोबाईलवर व संगणकावर जें ई-मेलचें टपाल येतें, त्याचीही गोष्ट अशीच आहे. पत्र कोण पाठवील हें आपल्या हातीं नाहीं. मात्र त्यांतील फाईल कोणत्या प्रोग्रामनें उघडावी व दुवा कोणत्या ब्राउझरमध्यें उघडावा, हें ठरविण्याची सोय प्रत्येक साधनांत केलेली असते. ही सोय बहुतेकजण पाहत नाहींत. परिणामीं सातबाऱ्याची फाईल उघडत नाहीं एवढ्याच कारणासाठीं तालुक्याला खेप पडते. आणि उलट, जी फाईल मुळींच उघडूं नये ती एका बोटाच्या स्पर्शानें उघडते व बँकेंतील पैसा जातो. म्हणून ही व्यवस्था कशी चालते व ती आपल्या ताब्यांत कशी ठेवावी, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

फाईलीची जात कशी ओळखली जाते

आरंभीं ई-मेलनें केवळ साधा मजकूर जात असे. १९९२ सालीं नॅथॅनिएल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड यांनीं ‘माइम’ नांवाची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्या योगानें पत्राला चित्र, ध्वनि किंवा दुसरी कोणतीही फाईल जोडण्याची एकच रीत सर्वत्र रूढ झाली. या पद्धतींत प्रत्येक जोडपत्रावर त्याच्या जातीची चिठ्ठी असते. पीडीएफवर ‘अ‍ॅप्लिकेशन/पीडीएफ’ व छायाचित्रावर ‘इमेज/जेपेग’, अशा त्या चिठ्ठ्या होत. पुढें १९९३ सालीं बोरेनस्टाइन यांनींच ‘मेलकॅप’ नांवाची यादी सुचविली. अमुक जातीची फाईल अमुक प्रोग्रामनें उघडावी, असें त्या यादींत ओळीगणिक लिहिलेलें असे. आज यादीचें रूप बदललें आहे. तत्त्व तेंच आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेविली पाहिजे. ही चिठ्ठी पाठविणारा लावतो. गोणीच्या तोंडाशीं निवडक कांदा व खालीं गोल्टी भरावी, तसा प्रकार येथेंही घडतो. म्हणून फाईलीच्या नांवांत शेवटच्या टिंबानंतर कोणतीं अक्षरें आहेत तें पाहावें. ‘सातबारा.पीडीएफ.एपीके’ या नांवाची फाईल सातबारा नव्हे व पीडीएफही नव्हे. ती मोबाईलमध्यें नवें अ‍ॅप बसविणारी फाईल होय. विंडोजच्या संगणकावर ‘ईएक्सई’ या अक्षरांनीं संपणारी फाईल तशाच जातीची समजावी. विंडोज हीं शेवटचीं अक्षरें बहुधा झांकून ठेवतें. विंडोज ११ मध्यें फाईल एक्सप्लोररांतील ‘व्ह्यू’ व त्याखालील ‘शो’ या ठिकाणीं ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ हा पर्याय चालू केला म्हणजे तीं दिसूं लागतात. हें काम प्रत्येकानें आधीं करावें.

संगणकावरील व्यवस्था

मोझिलाचा थंडरबर्ड हा प्रोग्राम विनामूल्य असून त्यांत ही यादी स्पष्ट दिसते, म्हणून तोच उदाहरणादाखल घेतों. त्याच्या ‘सेटिंग्ज’मध्यें ‘जनरल’ या भागांत खालीं ‘फाईल्स अँड अटॅचमेंट्स’ असा मथळा आहे. तेथील कोष्टकांत डावीकडे फाईलीची जात व उजवीकडे तिचें काय करावयाचें तें लिहिलेलें असतें. प्रत्येक जातीपुढें मुख्यतः तीन पर्याय मिळतात : दरवेळीं विचारावें, फाईल नुसती जतन करावी, किंवा ठराविक प्रोग्रामनें उघडावी. कोष्टक प्रथम रिकामें दिसलें तर गोंधळून जाऊं नये. एखाद्या जातीची फाईल पहिल्यानें उघडली कीं तिची नोंद तेथें होऊं लागते.

पत्रांतील दुव्यांची व्यवस्था निराळी आहे. ते संगणकाच्या ठरीव ब्राउझरकडे जातात. तो बदलावयाचा असल्यास विंडोजच्या ‘सेटिंग्ज’मधील ‘अ‍ॅप्स’ व ‘डीफॉल्ट अ‍ॅप्स’ येथें हवा तो ब्राउझर निवडावा.

सातबारा व पीडीएफ

महाराष्ट्रांत १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला. तो पीडीएफ स्वरूपांत असल्यामुळें ई-मेलनें धाडतां येतो. आतां हीच फाईल क्रोम ब्राउझरनें उघडली तर मजकूर नीट दिसतो, पण स्वाक्षरी खरी कीं खोटी याची तपासणी तेथें होत नाहीं. संगणकावरील अ‍ॅक्रोबॅट रीडर स्वाक्षरी तपासून तिच्याविषयींचा निर्णय वरच्या पट्टींत दाखवितो. तेव्हां ज्यांना जमिनीचे कागद वरचेवर हाताळावे लागतात, त्यांनीं पीडीएफपुढें ब्राउझर न ठेवतां असा रीडर ठेवावा. जमिनीच्या व्यवहारांत समोरच्यानें पाठविलेला उतारा केवळ डोळ्यांना बरा दिसला म्हणून खरा मानूं नये. शंका असल्यास सरकारी संकेतस्थळावरून स्वतः नवा उतारा काढावा.

मोबाईलवरील व्यवस्था

अँड्रॉइड मोबाईलमध्यें एकाच जातीची फाईल उघडूं शकणारीं दोन-तीन अ‍ॅप असलीं, तर मोबाईल विचारतो : ‘नेहमी’ कीं ‘फक्त एकदा’? घाईंत ‘नेहमी’ दाबलें गेलें कीं तें अ‍ॅप कायमचें वाटेकरी होतें, आणि पुढें ‘फाईल उघडत नाहीं’ अशी तक्रार सुरू होते. उपाय सोपा आहे. ‘सेटिंग्ज’मधील ‘अ‍ॅप्स’ या भागांत तें अ‍ॅप शोधावें व त्यांतील ‘डीफॉल्टनुसार उघडा’ अशा अर्थाच्या जागीं जाऊन पूर्वीची निवड पुसून टाकावी. पुढल्या खेपेस मोबाईल पुन्हां विचारील.

याहून महत्त्वाचा बंदोबस्त पुढें आहे. २०१७ सालच्या अँड्रॉइड ८ पासून, बाहेरचें अ‍ॅप बसविण्याची परवानगी प्रत्येक अ‍ॅपला निरनिराळी द्यावी लागते. सेटिंग्जमध्यें ‘अज्ञात अ‍ॅप्स’ किंवा ‘इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स’ असें शोधलें म्हणजे ती यादी सांपडते. त्या यादींतील जीमेल, क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप व फाईल पाहण्याचें अ‍ॅप या सर्वांची परवानगी बंद असावी. जीमेल स्वतः एपीके जातीचें जोडपत्र स्वीकारीत नाहीं. यास्तव ठग पत्रांत दुवा घालतात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल धाडतात. पीएम किसानचा हप्ता, वाहनाचा दंड, बँकेची केवायसी, अशीं नांवें देऊन या फायली पसरविल्या जातात. असें अ‍ॅप बसलें व त्याला संदेश वाचण्याची परवानगी मिळाली, म्हणजे बँकेचा ओटीपी मालकाच्या आधीं ठगाच्या हातीं पडतो. वरील परवानगी बंद असेल तर चुकून स्पर्श झाला तरी मोबाईल तेथेंच अडवितो.

दुवा उघडण्यापूर्वीं

दुव्याचा वर दिसणारा मजकूर व त्यामागील खरा पत्ता हे एकच असतात असें नाहीं. मोबाईलवर दुव्यावर बोट दाबून धरलें असतां, व संगणकावर त्यावर नुसता बाण नेला असतां, खरा पत्ता दिसतो. केंद्र सरकारच्या पीएम किसान योजनेचा पत्ता ‘पीएमकिसान.जीओव्ही.इन’ हा आहे. पत्त्यांतील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या लगत मागें ‘जीओव्ही.इन’ हीं अक्षरें आहेत कीं नाहींत तें पाहावें. आरंभीं किंवा मधेंच कोठें तीं असणें पुरेसें नाहीं.

सारांश

सारांश असा कीं, पीडीएफ व छायाचित्रें यांना एक विश्वासाचें अ‍ॅप कायम नेमून द्यावें. अनोळखी जातीच्या फायलींना ‘दरवेळीं विचारावें’ हा पर्याय ठेवावा. एपीके व ईएक्सई या जातींना टपालांतून दारच मोकळें ठेवूं नये. एवढें काम अर्ध्या तासांत होतें. घरांतील वडील माणसांच्या मोबाईलवरही तें करून द्यावें, कारण हप्त्याचे व विम्याचे संदेश त्यांनाच अधिक येतात.

इतकें करूनही फसगत झालीच, तर लाजेनें गप्प बसूं नये. मोबाईलचें इंटरनेट तत्काळ बंद करावें, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावें व १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवावी. बांध फुटल्याचें जितक्या लवकर कळेल तितकी माती वांचते, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.