आधी गार पाणी, मग गरम

रांगणारी किंवा नुकती चालू लागलेली मुलं भाजतात ती आगीपेक्षा जास्त करून गरम पाणी, चहा, दूध, आमटी अंगावर सांडून. न्हाणीघरात बादलीत आधी कढत पाणी काढलेलं असतं, विसण घालायचं राहिलेलं असतं. तेवढ्यात मूल काठाला धरून उभं राहतं आणि तोल जाऊन आत पडतं. निवायला जमिनीवर ठेवलेलं पातेलं, मांडीवर बाळ असताना हातात घेतलेला चहाचा कप यांचा धोकाही तेवढाच.

१९४७ मध्ये हार्वर्डच्या मॉरिट्झ आणि हेन्रिक्स यांनी त्वचा किती तापमानाला किती वेळात भाजते, याचा प्रयोगांतून हिशेब मांडला. ४४ अंश सेल्सिअसला इजा व्हायला सुमारे सहा तास लागतात. ६० अंशांना पाच सेकंद पुरतात. हे झालं मोठ्या माणसांचं. लहान मुलाची त्वचा पातळ असते, त्यामुळे ६० अंशांच्या पाण्याला जेमतेम एक सेकंद लागतो. नुकताच गाळलेला चहा तर याहून कढत असतो. शिवाय वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असल्याने जखमेतून शरीरातलं पाणी झपाट्याने जातं.

मूल भाजलं की ‘लक्ष कुठे होतं?’ असं आईलाच सुनावलं जातं. पण एका सेकंदाला कोणाची नजर पुरणार? त्यामुळे बदलायला हवी ती घराची मांडणी. बादलीत आधी गार पाणी घ्यावं, मग गरम. गिझर ५० अंशांच्या आसपास ठेवावा. भांड्यांचे दांडे भिंतीकडे वळवावेत, गरम पातेलं ओट्यावर आत सरकवावं, चहा घेताना बाळ दुसऱ्याकडे द्यावं.

तरीही भाजलंच, तर ओले कपडे आणि बांगड्या लगेच काढाव्यात. कातडीला चिकटलेलं कापड मात्र ओढू नये. भाजलेल्या भागावर नळाचं वाहतं गार पाणी २० मिनिटं सोडावं. पाणी मिळायला उशीर झाला तरी तीन तासांपर्यंत त्याचा उपयोग होतो. बाकीचं अंग पांघरुणात ऊबदार ठेवावं. बर्फ लावू नये. हळद, टूथपेस्ट, शाई, तूप यांनी जखम झाकली जाते आणि ती किती खोल आहे हे डॉक्टरांना कळत नाही.

बोटांसकट मुलाचा तळवा म्हणजे त्याच्या शरीराचा सुमारे १ टक्का. असे दहा तळवे भाजले, तर सलाइन द्यावं लागतं. जखम एका तळव्याहून मोठी असेल, किंवा चेहरा, हातपाय, जांघ भाजली असेल, तर स्वच्छ कापडाने सैलसर झाकून मुलाला तडक रुग्णालयात न्यावं.