फोटो एडिट कधी करायचा? पान मांडण्याआधी की नंतर?

हळदीचे फोटो पाच नातेवाइकांच्या पाच मोबाइलमधून येतात. डिजिटल स्क्रॅपबुकच्या एका पानावर ते शेजारी शेजारी ठेवले, की एकात नवरी नारिंगी दिसते, दुसऱ्यात निळसर. म्हणून उजेड आणि रंग पानाची पार्श्वभूमी निवडण्याआधीच नीट करून घ्या. आजोबांचं धोतर किंवा मागची भिंत पांढरी दिसू लागली, की बाकीचे रंग बहुतेक जागेवर येतात. हळद मात्र पिवळीच राहू द्या!

क्रॉप करण्याची घाई नको. कोणत्या फोटोला किती जागा मिळणार, हे पान मांडतानाच कळतं. आधीच कापलं, तर कडेला उभी असलेली आत्या पानावरून गायब! ब्लॅक अँड व्हाइटचंही तेव्हाच ठरवा. शार्पनिंग अगदी शेवटी, फोटोचा आकार पक्का झाल्यावर.

पान छापायचं असेल, तर इंचाला ३०० पिक्सेल धरा. ४ इंच रुंद फोटोला १२०० पिक्सेल लागतात. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवा.

सगळे बदल कॉपीवर करा. पणजीचा एकुलता एक जुना फोटो स्कॅन केला असेल, तर मूळ फाइलला हातही लावू नका. कागदावरचे डाग काढले तरी चालतील, पण सुरकुत्या पुसणारा फिल्टर तिथे वापरू नका.