थोडक्या खर्चांत सिंहलद्वीप

परदेशप्रवास हा शब्द निघाला कीं आपल्या मध्यम स्थितींतील घरांतून दोन उत्तरें मिळतात. एक, "तें श्रीमंतांचें काम", आणि दुसरें, "मुलगा तिकडे असेल तर जाऊन यावें." माझा मुलगा तिकडे नाहीं, आणि श्रीमंतीशीं माझी ओळख काय ती अंकगणितांतील उदाहरणांपुरती. तरीहि सन २०२४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस मी तीन मित्रांसह दहा दिवस श्रीलंकेंत हिंडून आलों. तेथें काय पाहिलें, खर्च कसा बेतांत ठेवला, आणि एके ठिकाणीं आमचा बेत साफ कसा चुकला, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

आम्ही चौघे एका आळींत वाढलेले. एकाचें किराणा मालाचें दुकान आहे, दुसरा कोर्टांतला कारकून होता, तिसऱ्यानें उभा जन्म खेड्यापाड्यांत टपाल वाटलें, आणि चौथा मी, मॅट्रिक होऊन मास्तर झालेला. नांवें सांगत नाहीं. पुढची हकीकत सर्वांनाच आवडेल असें नाहीं. लंका आम्हांस रामायणांतून जितकी ठाऊक तितकीच रेडिओ सिलोनवरून. १९५२ सालीं सुरू झालेली बिनाका गीतमाला आमच्या लहानपणींहि चालू होती, आणि दर बुधवारीं रात्रीं शेजाऱ्यांच्या ओटीवर बसून आम्ही ती ऐकत असूं. जेथून तो आवाज येई तो देश एकदां डोळ्यांनीं पाहावा, ही इच्छा तेव्हांपासूनची.

आधीं ऋतूचा विचार. त्या बेटावर दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस पश्चिम व दक्षिण किनाऱ्यास झोडपतो, आणि वर्षाच्या शेवटीं ईशान्येचा पाऊस पूर्वेकडे पडतो. कोलंबो, कँडी व गॉल पाहणें असेल तर जानेवारी ते मार्च हा काळ बरा. जुलै-ऑगस्टमध्यें कँडीस दंतधातूची मोठी मिरवणूक निघते. ती पाहण्यासारखी खरी, पण त्या दिवसांत खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात.

पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने शिल्लक पाहिजे. आम्ही गेलों तेव्हां भारतीयांस व्हिसाची फी माफ होती, पण अर्ज आधीं भरावाच लागे. हे नियम वरचेवर बदलतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वीं तेथील सरकारच्या अधिकृत ठिकाणींच चौकशी करावी. दलालाच्या तोंडावर विसंबूं नये. आमच्या वयाच्या माणसांनीं औषधें चार दिवस जास्त पुरतील इतकीं घ्यावींत, दोन पिशव्यांत विभागून ठेवावींत, आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असूं द्यावी. घड्याळाचे कांटे मात्र फिरवावे लागत नाहींत. तेथील वेळ आणि आपली वेळ एकच.

पैशांचें म्हणाल तर त्या वेळीं आपल्या एका रुपयास सुमारें पावणेचार लंकन रुपये मिळत. फोनवरून पैसे देण्याची आपली यूपीआय पद्धत १२ फेब्रुवारी २०२४ रोजीं तेथें सुरू झाली होती. परंतु खेड्यांतल्या खानावळींत आणि बसमध्यें रोकड लागतेच. पैसे बदलल्याची पावती जपून ठेवावी, परततांना उरलेले बदलावयास ती उपयोगी पडते.

आतां आमच्या थैलीची गोष्ट. निघण्यापूर्वीं दुकानांत बैठक झाली. दुकानदारानें एक आंकडा उच्चारला, आम्ही माना डोलावल्या. राहणें, जेवणें आणि गाडीभाडें सामाईक थैलींतून. मात्र प्रेक्षणीय स्थळांचें तिकीट ज्याचें त्यानें काढावें, कारण कोणाला एखादी जागा पाहावयाची नसेल तर त्याच्यावर भुर्दंड कां? युक्तिवाद मला इतका न्याय्य वाटला कीं मींच तो वहींत लिहून घेतला. पोस्टवाल्यानें मान सर्वांच्या मागून डोलावली होती, हें मला पुष्कळ दिवसांनीं आठवलें.

कोलंबोहून आम्ही बसनें अनुराधपुरास गेलों. तेथील साध्या बसेस अति स्वस्त, आणि तितक्याच भरलेल्या. पुढची बैठक भिक्षूंसाठीं राखलेली असते, तेथें बसूं नये. सामान मांडीवर मावेल इतकेंच असावें. पौर्णिमेस, म्हणजे पोयेच्या दिवशीं, सर्वत्र सुट्टी असते. त्या दिवशीं यात्रेकरूंची गर्दी उसळते आणि पुष्कळ दुकानें बंद राहतात, म्हणून लांबचा पल्ला त्या दिवशीं टाळावा.

अनुराधपुरीं अशोककन्या संघमित्रेनें इसवी सनापूर्वीं तिसऱ्या शतकांत बुद्धगयेहून आणलेल्या शाखेचा बोधिवृक्ष आहे. पांढरीं वस्त्रें ल्यालेलीं माणसें हातांत कमळें घेऊन निःशब्द उभीं असतात. जेतवनाराम स्तूप मूळचा १२२ मीटर उंच होता. आज ७१ मीटर उरला आहे, तरी त्याच्या पायथ्याशीं माणूस मुंगीएवढा दिसतो. देवळांत खांदे व गुडघे झांकलेले असावेत, पादत्राणें व टोपी काढावी, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचें छायाचित्र मुळींच काढूं नये. तेथील लोकांस तो अपमान वाटतो. जवळच मिहिंतले आहे. अशोकपुत्र महेंद्र व राजा देवानांपिय तिस्स यांची भेट तेथें झाली असें सांगतात. पायऱ्या १,८४०. पोस्टवाला आमच्या पुढें पन्नास पायऱ्या, न धापतां.

राहावयास आम्ही घरगुती अतिथिगृहें शोधीत असूं. दोघांच्या खोलीस सुमारें ४,५०० लंकन रुपये, म्हणजे आपले १,२०० पडत. खोली पाहिल्याशिवाय होकार देऊं नये, आणि भाड्यांत न्याहारी धरली आहे कीं नाहीं हें तेव्हांच विचारावें. दुपारीं साध्या खानावळींत पानभर भात, दोन-तीन भाज्या, डाळ व नारळाची चटणी सुमारें १२० रुपयांत मिळे. भाताला तेथें 'बत्' म्हणतात आणि मिठाला 'लुणु'. गांव तें 'गम', एक तें 'एक', सात तें 'हत'. सिंहली ही आपल्या मराठीची दूरची बहीणच, हें पुस्तकांत वाचलें होतें, खानावळींत पटलें. न्याहारीस मिळणारें इंदिआप्प पाहून आमच्या कारकुनाला तर कोंकणांतल्या शिरवाळ्यांची आठवण झाली.

शाकाहारी मंडळींस एक इशारा. नारळाच्या त्या लाल चटणींत आणि कित्येक भाज्यांत 'उम्बलकड' नांवाच्या सुक्या मासळीचा चुरा घालतात, आणि वाढणाराला तो मांसाहार वाटतच नाहीं. "भाजी आहे का?" असें विचारून भागत नाहीं. "मालु एपा, उम्बलकड एपा," म्हणजे मासे नकोत, उम्बलकड नको, हीं दोन वाक्यें पाठ करून ठेवावींत.

मग आम्ही दांबुल्ल येथें मुक्काम करून सिगिरियास गेलों. सपाट रानांतून सुमारें १८० मीटर उंच एकच शिळा उभी आहे. पांचव्या शतकांत पित्याचा वध करून गादीवर आलेल्या कश्यप राजानें तिच्या माथ्यावर राजवाडा बांधला. सार्क देशांच्या नागरिकांस पासपोर्ट दाखविल्यावर तिकिटांत सवलत मिळाली, तरी एका माणसाचें तिकीट आमच्या एका रात्रीच्या खोलीहून कमी नव्हतें. खिडकीशीं पोस्टवाला म्हणाला, "माझा गुडघा धरलाय. तुम्ही या जाऊन, मी झाडाखालीं बसतों."

आम्ही चढलों. अर्ध्यावर खडकाच्या कुशींत त्या सुप्रसिद्ध स्त्रियांचीं चित्रें. दीड हजार वर्षांनंतरहि त्यांच्या गालांवरचा रंग ताजा. त्यांच्या खालीं आरशासारखी घोटलेली भिंत आहे. तिच्यावर शेंकडों वर्षें येणाऱ्याजाणाऱ्यांनीं पद्यें कोरून ठेवलीं. परणवितान या पुराणवस्तुसंशोधकांनीं त्यांतलीं ६८५ वाचून १९५६ सालीं छापलीं. पुढें सिंहाचे दोन प्रचंड पंजे, आणि त्यांच्यामधून माथ्याची वाट. त्या पंजांशीं बसून पाणी पीत असतांना मला मिहिंतलेच्या १,८४० पायऱ्या आठवल्या. इथें तर सुमारें बाराशेंच होत्या. ज्या मास्तरानें चाळीस वर्षें मुलांचीं खोटीं पोटदुखी ओळखलीं, त्याला मित्राचा गुडघा ओळखतां आला नाहीं. त्यानंतर वरचा राजवाडा मीं पाहिला खरा, पण काय पाहिलें तें विचारूं नका.

मीं हें कँडीस पोहोंचेपर्यंत पोटांत ठेवलें. रात्रीं दुकानदारानें उरलेल्या प्रवासाला मोटार ठरविण्याची गोष्ट काढली, तेव्हां मीं सगळें बोलून टाकलें. दुकानदार मनाचा मोठा. तो लगेच म्हणाला, "एवढेंच ना? त्याचीं तिकिटें मी काढतों." पोस्टवाला उठून उभा राहिला. "मला नादारींतला विद्यार्थी समजलास काय?" एवढेंच तो बोलला, आणि पिशवी भरूं लागला. सकाळच्या गाडीनें कोलंबोस जाणार, तेथून घरीं. पंचावन्न वर्षांची मैत्री त्या खोलींत सुटण्याच्या बेतांत होती, आणि ती कोणाच्या दुष्टपणानें नव्हे, तर आमच्या त्या न्याय्य युक्तिवादानें.

तोडगा कारकुनानें काढला. त्यानें चौघांस सारखे कागदाचे तुकडे दिले. पुढच्या दिवसांत तिकिटांसकट मला किती खर्च झेपेल, तो आंकडा प्रत्येकानें लिहावा, नांव घालूं नये, आणि चार चिठ्ठ्यांतला सर्वांत लहान आंकडा सर्वांचा समजावा. चिठ्ठ्या उघडल्या. सर्वांत लहान आंकडा दोन चिठ्ठ्यांवर होता. दुसरी कोणाची, तें आजतागायत कळलें नाहीं; मला दुकानदाराचा संशय आहे. पोस्टवाल्यानें पिशवींतला पंचा बाहेर काढून पुन्हां दोरीवर टाकला, तेव्हां मला हायसें वाटलें. त्या रात्रीपासून सर्व तिकिटें थैलींतून निघूं लागलीं. थैली कारकुनाकडे आणि वही पोस्टवाल्याकडे. पैसे राखणारा व हिशेब लिहिणारा एक नसावा, हा सरकारी कचेरींतला नियम प्रवासांतहि फार चांगला.

मोटार अर्थातच गेली आणि आगगाडी आली, हें आमचें भाग्य. कोलंबो-कँडी लोहमार्ग १८६७ सालचा आहे, रूळ आपल्याच रुंद मापाचे. कँडीहून पुढें डोंगरांतून जाणारी गाडी जगप्रसिद्ध. राखीव जागा महिनाभर आधीं संपतात. पण तिसऱ्या वर्गाचें साधें तिकीट त्याच दिवशीं खिडकीवर मिळतें, आणि तें अगदीं थोड्या पैशांत. तास दीड तास उभें राहावें लागलें, मग जागा झाली. दोन्ही बाजूंस चहाचे मळे, त्यांत पाठीवर पिशव्या घेतलेल्या बायका. त्यांचे पूर्वज इंग्रजी अमलांत तामीळ मुलखांतून मजुरीस आणलेले. पट्टिपोल स्टेशनची उंची ६,२२६ फूट. एल्लजवळ १९२१ सालचा नऊ कमानींचा दगडविटांचा पूल आहे. तो पायीं जाऊन पाहिला, त्याला तिकीट नाहीं. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरच्या वादळांत या डोंगरी मार्गाची मोठी हानि झाली, तेव्हां कोणता टप्पा चालू आहे याची चौकशी करूनच बेत आंखावा.

एल्लहून बसनें गॉल. डच लोकांनीं बांधलेल्या तटावरून संध्याकाळीं चालावें, याहून स्वस्त सुख त्या बेटावर नाहीं. तेथून कोलंबोची गाडी समुद्राच्या अगदीं कडेनें जाते. वाटेंत पेरलिय येथें २६ डिसेंबर २००४ रोजीं त्सुनामीच्या लाटेनें अख्खी आगगाडी उचलून फेंकली आणि हजारावर माणसें गेलीं. तें ठिकाण आलें तसें आमचें बोलणें आपोआप थांबलें.

शेवटच्या रात्रीं कोलंबोंत थैली उलटी केली. सहा हजारांवर लंकन रुपये उरले होते. दुकानदार म्हणाला, वांटून घेऊं. पोस्टवाल्यानें वही मिटली नाहीं. त्यानें नव्या पानावर 'सिगिरिया' असें लिहिलें आणि खालीं ती रक्कम जमा धरली. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं आम्ही चौघे तींत थोडी भर घालतों. रक्कम अर्थात् चिठ्ठीनें ठरते. थैली सध्यां त्याच्याच घरीं, देव्हाऱ्याखालच्या कपाटांत आहे.