वाद्यवृंदाचे छायाचित्र

गवई एकटा असला, की त्याचे छायाचित्र काढणे तितकेसे अवघड जात नाही. मुद्रा बोलकी असावी, उजेड बरा असावा, काम भागते. चार-पाच कलावंतांचा वाद्यवृंद समोर आला म्हणजे मात्र छायाचित्रकाराची कसोटी लागते. चेहरे तर दिसले पाहिजेतच. शिवाय त्यांच्यामधला मेळही दिसला पाहिजे. शिवाय हे चित्र ज्याच्या हाती पडते त्याने त्या मंडळींचा एक सूरही ऐकलेला नसतो. कार्यक्रमास जावे की न जावे, हे तो पुष्कळदा त्या चित्रावरूनच ठरवितो.

या बाबतीत आपल्या बडोद्याजवळ एक जुना धडा आहे. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी येथे गायनशाळा काढली. त्यांचे दौहित्र इनायत खाँ १९१० साली बंधू महेबूब खाँ आणि नात्यातील महंमद अली खाँ यांच्यासह अमेरिकेस गेले. पुढे धाकटे मुशर्रफ खाँही त्यांस जाऊन मिळाले. ‘रॉयल म्युझिशियन्स ऑफ हिंदुस्थान’ हे त्यांच्या वृंदाचे नाव. रूथ सेंट डेनिस या नर्तकीबरोबर त्यांनी तेथे दौराही केला. त्या दिवसांतील त्यांची छायाचित्रे आजही पाहावयास मिळतात : दरबारी थाटाचा पोशाख आणि जवळ आपापली वाद्ये. वीणा कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नव्हते, अशा श्रोत्यांनाही हे कोण, काय वाजवितात आणि एकत्र कसे बसतात, एवढे त्या चित्रांतून कळत असले पाहिजे. जाहिरातीच्या छायाचित्राने करावयाचे ते एवढेच; पण तेवढे साधणे सोपे नाही.

आज घरोघरी, खिशाखिशात कॅमेरा आला आहे. तरीही फलकांवरील पुष्कळ चित्रे शाळेच्या वर्गाच्या फोटोसारखी दिसतात : सारे ओळीत उभे, हात बांधलेले, दृष्टी भिंगाकडे. यात तबलजी कोण आणि निवेदक कोण हे ओळखावे कसे? त्यापेक्षा मंडळींना बैठकीत बसतात तसेच बसवावे, पण नेहमीपेक्षा अंमळ जवळ. रंगमंचावरचे अंतर चित्रात दुपटीने वाटते. तानपुरा उभा धरला, की चित्राला आपोआप उंची येते. त्याच्या दोहों बाजूंस डोकी खालीवर राहिली म्हणजे ओळीचा कंटाळवाणेपणा जातो.

मग त्यांना खरोखरच वाजवू द्यावे. वाजविण्याचे सोंग केले, की बोटे आणि डोळे दोन्ही खोटे पडतात. येथे तालाची जाण असलेल्या छायाचित्रकाराचे फावते. तीनतालाच्या सोळा मात्रा मनात मोजत राहावे. समेवर सारे एकमेकांकडे पाहतात, कोणी मान डोलावतो, कोणी हसतो. नेमकी तीच घटका पकडावी. कॅमेऱ्याचा वेग सेकंदाच्या १/२५० इतका ठेवला, तर चेहरे स्थिर येतात आणि फार द्रुत बोल नसले तर हातही. भिंगाचे छिद्र एफ/५.६ ते एफ/८ च्या दरम्यान असले म्हणजे मागे बसलेला साथीदार धूसर होत नाही. मोबाईलने काढावयाचे असल्यास फार जवळ जाऊ नये. रुंद भिंगात कडेचे चेहरे ताणले जातात, आणि कडेला बसतो तो बहुधा बिचारा पेटीवाला!

उजेडासाठी खर्च करावयास नको. जुन्या वाड्याची ओसरी आणि सकाळचा बाजूने येणारा प्रकाश यांना तोड नाही. भर दुपारी भुवयांच्या सावलीत डोळे बुडतात. समोरून फ्लॅश मारला तर सतारीच्या पॉलिशावर आणि चष्म्यांवर पांढरे ठिपके उमटतात. स्थळाचा मोहही आवरावा. लक्ष्मीविलास राजवाडा सबंध दाखविण्याच्या नादात कलावंत मुंग्यांएवढे होतात आणि जाहिरात राजवाड्याची होते.

मोबाईलच्या पुढल्या कॅमेऱ्याने काढलेले चित्र कधी कधी आरशातल्यासारखे उलटे साठविले जाते. मग दाहिना डावीकडे जातो, सतारिया डाव्या हाताने तारा छेडू लागतो आणि सारी मंडळी डावखुरी ठरतात. सामान्य प्रेक्षकाच्या हे ध्यानी येणार नाही. जाणकार श्रोता मात्र पहिल्या नजरेतच हसेल.

चित्र आडवे एक आणि उभे एक, अशी दोन तरी काढावी, आणि अक्षरांसाठी एका बाजूस मोकळी जागा सोडावी. नाही तर कार्यक्रमाची वेळ गायिकेच्या कपाळावर छापली जाते! चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे दहा इंच रुंदीला ३,००० हवेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठविलेले चित्र आकसते, यास्तव ते डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

राहता राहिली नावे. फलक करणारा जागेसाठी कडेचा माणूस कापतो, तेव्हा बहुधा साथीदारच कापला जातो. मुख्य गायकाला कोणी हात लावीत नाही. आपल्या जुन्या घराण्यांच्या आल्बमांत मैफलींची किती तरी चित्रे असतील. बुवांचे नाव सर्वांना ठाऊक असते. त्यांच्यामागे तानपुरा धरून बसलेला तो तरुण कोण, हे विचारावे तर सांगावयास घरात कोणी उरलेले नसते. आजचे जाहिरातीचे चित्र उद्या हाच दस्तऐवज होणार आहे. म्हणून डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे पूर्ण नाव, त्याचे वाद्य, स्थळ आणि तारीख चित्राबरोबर त्याच दिवशी लिहून ठेवावी. आणि घरात जुना आल्बम असला, तर वडीलधाऱ्यांना आजच विचारून घ्यावे.